हुशार मुलाला कॉलेज मानवलं नाही तर: कागद, पैसे, परीक्षा आणि घरचा आधार

निरंजना

मुलं दिवाळीच्या सुट्टीला घरी आली की हा विषय निघतो. दहावी-बारावीला वर्गात पहिल्या पाचांत असलेली, सीईटीला ९८-९९ पर्सेंटाइल मिळवलेली मुलगी फराळाचं ताट बाजूला सारून सांगते, "मला त्या कॉलेजात परत जायचं नाही." घरातून आधी येतं, "लाखभर फी भरली आहे." मग येतं, "एवढे मार्क मिळवणाऱ्या मुलीला हे जमत नाही?" हे दुसरं वाक्य तेवढं टाळा. अशा मुलांची स्वतःबद्दलची सगळी कल्पना मार्कांवर उभी असते. त्यावरच घाव बसला की मूल बोलायचं थांबतं, आणि पुढचे सगळे निर्णय अर्धवट माहितीवर होतात.

समुपदेशनात वारंवार दिसतं ते आधी मांडते. कागदपत्रांचं जाणकारांनी खाली लिहावं.

"कॉलेज आवडत नाही" या एका वाक्याखाली निदान चार वेगळ्या गोष्टी असतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा. शाखा चुकली असेल तर कॉलेज बदलून काही होत नाही. शाखा बरोबर पण शिकवण्याची पातळी खाली असेल (नोट्स उतरवून घ्या, जर्नल उतरवून काढा, शंका विचारली की "सिलॅबसमध्ये नाही"), तर त्याच शाखेतलं दुसरं कॉलेज किंवा शिकवणीची पद्धतच वेगळी असलेली संस्था लागते. अडचण वसतिगृहाची, रूममेटची, भाषेची, जातीवरून येणाऱ्या शेऱ्यांची किंवा रॅगिंगची असेल तर अभ्यासक्रमाला हात लावायची गरज नसते, पण जागा तातडीने बदलावी लागते. आणि चौथं, तब्येत. शरीराची किंवा मनाची.

मुलं एक कारण दुसऱ्याच्या नावाखाली सांगतात. रॅगिंग सांगायची लाज वाटते म्हणून "ब्रँच बोअर आहे" म्हणतात. शाखा चुकली हे कबूल करायला जड जातं, कारण ती हट्टाने त्यांनीच घेतलेली असते, म्हणून "टीचर चांगले नाहीत" म्हणतात. हे सुटं करायला तीन आठवडे एक वही ठेवायला सांगावी. रोज रात्री दोन रकान्यांत दोन ओळी: आज कोणता तास किंवा कोणतं काम करताना वेळ कळला नाही, आणि कोणत्या वेळी तिथून उठून जावंसं वाटलं. वही आई-बाबांनी वाचायची नाही. एकविसाव्या दिवशी मुलाने स्वतः वाचायची आणि जे दिसेल ते सांगायचं. पहिल्या रकान्यात सारखं कोडिंग येत असेल आणि दुसऱ्यात सारखी खोली किंवा मेस येत असेल तर शाखा ठीक आहे, जागा चुकली आहे. पहिल्या रकान्यात कॉलेजबाहेरचंच काही येत असेल (गणिताची कोडी, इतिहासाची पुस्तकं) तर शाखेबद्दल बोलायला हवं. पहिला रकाना तीन आठवडे कोराच राहिला तर प्रश्न बहुधा चौथा, म्हणजे तब्येतीचा आहे. मग कॉलेजचा निर्णय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं.

हुशार मुलांच्या बाबतीत एक धोका जास्त. त्यांचे मार्क बरेच दिवस चांगले राहतात. पहिल्या सत्रात नऊच्या आसपास एसजीपीए (सत्राचा दहापैकी गुणांक) असतो आणि मूल आतून पार रिकामं झालेलं असतं. "मार्क तर चांगले आहेत" हा सगळं ठीक असल्याचा पुरावा धरू नका.

---

शिरीष_कुलसचिव_कार्यालय

निरंजनाताई, चांगला धागा. कागदांचं मी लिहितो. इथे क्रम चुकला की पैसाही जातो आणि वर्षही.

पहिली गोष्ट: नुसतं जायचं बंद करू नका. सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की टर्म ग्रँट होत नाही (ते सत्र मान्य होत नाही), परीक्षा फॉर्म अडतो. नंतर त्याच मुलाला त्याच विद्यापीठात दुसऱ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला जायचं असेल तर पहिलं वर्ष उत्तीर्ण किंवा नियमाप्रमाणे एटीकेटी लागतं, आणि हातात काहीच नसतं. सोडायचं असेल तर लेखी सोडा, नाहीतर हजेरी आणि परीक्षा चालू ठेवा. अधलंमधलं काही ठेवू नका.

दुसरी गोष्ट फीची. इथे दोन वेगळे नियम आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

इंजिनिअरिंग, फार्मसी असे सीईटी सेलच्या कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) होणारे प्रवेश: त्या वर्षीच्या कट-ऑफ तारखेपर्यंत प्रवेश रद्द केला तर १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. त्या तारखेनंतर फक्त अनामत रक्कम परत. रद्द करण्याचा अर्ज उमेदवाराच्या लॉगिनमधून ऑनलाइन करायचा आणि त्याची सही केलेली प्रत कॉलेजात द्यायची, दोन्ही करायचं. नुसतं तोंडी सांगून किंवा ग्रुपवर मेसेज टाकून प्रवेश रद्द होत नाही.

बीएस्सी, बीए, बीकॉम वगैरे: यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत तक्ता आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी अर्ज दिला तर १०० टक्के परतावा (प्रक्रिया खर्च म्हणून फीच्या ५ टक्के, पण जास्तीत जास्त ५,००० कापता येतात). १५ पेक्षा कमी दिवस आधी दिला तर ९० टक्के. शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर शून्य. अनामत मात्र पूर्ण परत. समजा फी ८०,००० आणि शेवटची तारीख ३१ ऑगस्ट. १० सप्टेंबरला अर्ज दिला तर ६४,००० मिळतात, २० सप्टेंबरला ४०,०००, आणि ५ ऑक्टोबरला काही नाही. "दिवाळीपर्यंत बघू" म्हणण्याची किंमत ही. शिवाय यूजीसी काही वर्षी खास सवलतीच्या तारखा काढते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० कापून परतावा असं परिपत्रक होतं. त्या त्या वर्षीचं परिपत्रक शोधून छापील प्रत अर्जाला जोडा.

परताव्याचे दिवस लेखी अर्जाच्या तारखेपासून मोजतात. म्हणून अर्ज दोन प्रतींत न्यायचा, एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा, त्याच दिवशी प्राचार्यांच्या अधिकृत ईमेलवर स्कॅन पाठवायचा. मजकूर एवढाच पुरे:

"मी (नाव, पीआरएन म्हणजे विद्यापीठ नोंदणी क्रमांक, शाखा, वर्ष) माझा प्रवेश आजच्या तारखेपासून रद्द करत आहे. नियमाप्रमाणे फी आणि अनामत रक्कम सोबत जोडलेल्या बँक खात्यावर जमा करावी. माझी मूळ कागदपत्रे आणि कॉलेज सोडल्याचा दाखला द्यावा. सोबत: फीच्या पावत्या, रद्द केलेला धनादेश, नो ड्यूज (देणं बाकी नसल्याचं पत्र)."

कारणांचा निबंध लिहू नका. कॉलेजबद्दल तक्रार असेल तर ती वेगळ्या कागदावर द्या. या अर्जात तक्रार घातली की फाइल चौकशीला जाते आणि परतावा अडकतो.

नो ड्यूजला ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, मेस, अकाउंट्स अशा पाच-सहा सह्या लागतात. ग्रंथालयाचं पुस्तक रूममेटकडे आणि रूममेट गावी, यात आठवडा जातो. पुस्तकं आधी जमा करा.

मूळ गुणपत्रिका, दाखले कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत, यूजीसीच्या त्याच अधिसूचनेत स्पष्ट आहे. "उरलेल्या तीन वर्षांची फी भरा, मग दाखला देतो" असं कोणी म्हटलं तर ते लेखी मागा. फी त्या सत्राची किंवा वर्षाचीच घेता येते. लेखी द्यायची वेळ आली की मागणी बहुतेक वेळा मागे घेतली जाते. नाही घेतली तर आधी कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती, मग विद्यापीठाचे लोकपाल. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांत समितीला साधारण १५ कामाचे दिवस आणि लोकपालांना ३० दिवस दिलेले आहेत. यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. कॅपमधले प्रवेश असतील तर राज्याचं प्रवेश नियामक प्राधिकरण आहे.

---

मुळाकाठ

शिरीषकाका, नेमका प्रश्न. भाचा नागपूरचा, पुण्यात खासगी कॉलेजात संगणक शाखा, पहिलं वर्ष. बारावी याच वर्षी, सीईटी ९९ च्या वर. वहीचा प्रयोग नकळत झालाच आहे, कारण तो वसतिगृहात रात्री फक्त गणित करत बसतो. सिद्धता वगैरे. आता नोव्हेंबर आहे, फी तर गेली. लगेच सोडून घरी येऊन तयारी करावी की वर्ष पूर्ण करावं? घरात दोन तट पडलेत.

---

गणित_मास्तर

मुळाकाठ, आधी दारं कोणती उघडी आहेत ते बघा. उत्तर त्यातूनच निघेल.

भारतीय सांख्यिकी संस्था: कोलकात्याला बी.स्टॅट., बंगळुरूला बी.मॅथ. प्रवेश परीक्षा मे महिन्यात, फॉर्म साधारण मार्चमध्ये. पेपर दोन, दोन-दोन तासांचे. सकाळचा बहुपर्यायी, ३० प्रश्न. दुपारचा ८ प्रश्नांचा, त्यात पूर्ण सिद्धता लिहायची असते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट: गणित आणि संगणकशास्त्र बीएस्सी ऑनर्स, परीक्षा मेमध्येच, तिथेही लांब उत्तरांचा भाग असतो. आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, पुणे धरून सात ठिकाणी): आयएटी परीक्षा, ६० प्रश्न, जीव, रसायन, गणित, भौतिक प्रत्येकी १५, बरोबरला ४, चुकीला उणे १, तीन तास. नेस्ट परीक्षेतून भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कलिना परिसरातलं सीईबीएस, दोन्ही मूलभूत विज्ञानाच्या संस्था. शिवाय जेईई अ‍ॅडव्हान्स्ड: दोनच प्रयत्न, तेही सलग दोन वर्षांत, म्हणजे याच वर्षी बारावी झालेल्याला पुढच्या वर्षी एक संधी उरते. जेईई मेन सलग तीन वर्षं देता येते. एनआयटीसाठी बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलची अट आहे, ती बसते का आधी तपासा. एमएचटी-सीईटी परत देता येते, पण त्या वर्षीच्या प्रवेशाला त्या वर्षीचेच गुण चालतात. गेल्या वर्षीचे ९९ पुढच्या वर्षी उपयोगाचे नाहीत. बारावी किती जुनी चालते हे आयएटी आणि नेस्टच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात असतं, फॉर्म भरण्याआधी तेवढं वाचा.

आता तुमच्या भाच्याबद्दल. रात्री गणित करणं आणि सांख्यिकी संस्थेचा दुपारचा पेपर सुटणं यात अंतर आहे. सीईटीची मुलं उत्तरापर्यंत फार वेगाने पोहोचतात, पण "का" लिहिता येत नाही. उदाहरण घ्या: "n² सम असेल तर n सम आहे हे सिद्ध करा." सीईटीवाला n = 2, 4, 6 घालून दाखवतो आणि थांबतो. त्याने लिहायला हवं: n विषम धरा, म्हणजे n = 2k + 1, मग n² = 4k² + 4k + 1, हे विषम, म्हणून n² सम असताना n विषम असूच शकत नाही. हे समजायला पाच मिनिटं लागतात, पण हाताला सवय लागायला तीन-चार महिने. म्हणून आत्तापासून रोज दोन सिद्धता पूर्ण वाक्यांत लिहायच्या आणि आठवड्यातून एकदा कुणाकडून तरी तपासून घ्यायच्या. तपासणारा नसेल तर सरावाला अर्थ नाही, कारण सिद्धतेतली भोकं स्वतःला दिसत नाहीत. तो पुण्यातच आहे तर भास्कराचार्य प्रतिष्ठानात चौकशी करा.

हे सगळं रोज अडीच-तीन तासांत होतं. त्यासाठी कॉलेज सोडावं लागत नाही. म्हणून माझं मत: पहिल्या सत्राची परीक्षा द्यावी, दुसऱ्या सत्रात हजेरी ७५ च्या वर ठेवून तयारी करावी, मेमध्ये परीक्षा द्याव्यात, आणि दुसरी जागा हातात आल्यावर जुनी सोडावी. कुठेच नाही लागला तरी पहिलं वर्ष उत्तीर्ण आहे. आणि इंजिनिअरिंग पूर्ण केलं तरी गणिताचा रस्ता बंद होत नाही. चेन्नईच्या एमएस्सीला इंजिनिअरिंगचा पदवीधर अर्ज करू शकतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) प्रवेश परीक्षाही आहे.

---

डॉ_अनुराधा

मास्तरांच्या वेळापत्रकाला एक अट जोडते, आणि ती आधी वाचा.

"दुसरी जागा मिळेपर्यंत थांब" हा सल्ला तब्येत ठीक असलेल्या मुलासाठी आहे. दोन आठवडे किंवा जास्त काळ झोप बिघडली आहे, जेवण सुटलं आहे, पूर्वी ज्यात जीव रमायचा तेही करावंसं वाटत नाही, "मी सगळ्यांवर ओझं आहे" अशी भाषा येते आहे, तर मनोविकारतज्ज्ञाकडे आधी जायचं, परीक्षा नंतर. जगणं नको असल्याचं एखादं वाक्य मूल बोललं, गमतीत का होईना, तर सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मुलाला बोलायला वाट मिळते. मूल हो म्हणालं तर त्या दिवशी एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

भाच्याची रात्रीची गणितं चांगली खूण आहे, म्हणजे रस शाबूत आहे. पण तो झोपतो कधी, हे विचारा. पहाटे चारला झोपून आठच्या प्रॅक्टिकलला जाणारा मुलगा फेब्रुवारीपर्यंत थकून आडवा होतो, मग तो नापास होतो ते गणितामुळे नाही.

तब्येतीमुळे सोडावं लागलं तर वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन सत्र किंवा वर्ष खंडित करण्याचा अर्ज देता येतो, प्रवेश रद्द करायचीच गरज नसते. मुलाला बरं वाटेपर्यंत "पुढे काय" हा विषय घरात काढायचा नाही. चार-सहा आठवडे फक्त झोप, जेवण, चालणं, उपचार. आजारात घेतलेला शाखेचा निर्णय बरं झाल्यावर बऱ्याचदा बदलतो.

---

सातारकर

मास्तर, तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. रॅगिंग किंवा खोलीतला त्रास असेल तर वर्षअखेरपर्यंत थांबवणं चूक आहे. खोली त्याच आठवड्यात बदला. वसतिगृह सोडून पेइंग गेस्ट किंवा नातेवाइकांकडे ठेवा, रेक्टरला लेखी कळवा, रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ वर तक्रार करा. नावाशिवायही करता येते. कॉलेजचा निर्णय मग निवांत घ्या. तो घाईत आणि धाकात घेतला की मूल पुढच्या कॉलेजातही सावध, एकटं राहतं.

---

गणित_मास्तर

सातारकर, बरोबर. मी शाखा किंवा पातळी चुकलेल्यांबद्दल लिहिलं होतं. भीती असेल तर जागा आधी बदलायची.

---

मुळाकाठ

सगळ्यांचे आभार. झोपेचं आज विचारतो. अजून एक: त्याच्या बाबांचं म्हणणं, पुण्यातच दुसऱ्या मोठ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला बदली करून घेऊ, "ओळख आहे". खरंच होते का?

---

शिरीष_कुलसचिव_कार्यालय

ओळखीवर जाऊ नका. बदली दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, मंजूर जागांपैकी रिकामी असेल तरच होते. दोन्ही कॉलेजांची ना-हरकत लागते, विद्यापीठ बदलत असेल तर समकक्षता (दोन्हीकडचे विषय जुळत असल्याची मान्यता) लागते, आणि चांगल्या कॉलेजात संगणक शाखेची जागा क्वचित रिकामी होते. झाली तर गुणानुक्रमाने भरतात, म्हणून पहिल्या वर्षाचे गुण महत्त्वाचे. समकक्षतेत अडकतं ते असं: इकडे पहिल्या वर्षात बेसिक इलेक्ट्रॉनिक्स झालं आणि तिकडे त्याच जागी मेकॅनिक्स आहे, मग तो विषय वेगळा द्यावा लागतो. दोन्ही सिलॅबस शेजारी ठेवून आधीच खूण करा.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागेवर प्रवेश असेल तर कॉलेज किंवा शाखा बदल मिळत नाही. हे बऱ्याच जणांना जूनमध्ये कळतं. प्रवेशपत्रावर जागेचा प्रकार बघून घ्या.

थेट दुसऱ्या वर्षाची कॅप डिप्लोमा आणि बीएस्सी झालेल्यांसाठी आहे, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष झालेल्याला ती लागू नाही. यावरून दर वर्षी गोंधळ होतो.

आणि पुन्हा कॅपमध्ये पहिल्या वर्षाला उतरायचं असेल तर मे महिन्यातच सगळ्या मूळ कागदांचे रंगीत स्कॅन करून ठेवा. कागद तपासणी ऑनलाइन होते, पण जागा मिळाल्यावर कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस असतात आणि जुन्या कॉलेजातून दाखला निघायला आठ-दहा दिवस जातात. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपली आहे का, ईडब्ल्यूएस चालू आर्थिक वर्षाचं आहे का, हेही एप्रिलमध्येच बघायचं. या एका कागदापायी राखीव जागेचा दावा खुल्यात जातो.

---

बँकेतली_मेघना

कर्ज असेल तर बँकेला सोडण्याआधी सांगा. शैक्षणिक कर्जात हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. अभ्यासक्रमच सोडला की ती सवलत त्या कर्जाला आपोआप चालू राहत नाही, आणि कॉलेजने बँकेला कळवल्यावर पालकांना एकदम हप्त्याचं पत्र येतं. आधी शाखेत जाऊन लेखी द्या: अमुक तारखेला प्रवेश रद्द, परत आलेली फी कर्जखात्यात भरतो, नवीन प्रवेश अपेक्षित महिना अमुक. नवीन प्रवेशपत्र आल्यावर कर्जाची पुनर्रचना किंवा नवं कर्ज, यातलं व्याजात काय स्वस्त पडतं ते शाखेकडून आकडे काढून घ्या. मधल्या काळात निदान दरमहा व्याज भरत राहिलात तर ते मुद्दलात मिळत नाही आणि सिबिलही नीट राहतं. सहकर्जदार पालक असतो, त्यामुळे डाग पालकाच्या नावावरही लागतो.

कॉलेजकडून परत येणारी फी बचत खात्यात मागवू नका, कर्जखात्याचाच क्रमांक द्या. घरात इतर खर्चात गेली की कर्ज तसंच राहतं.

महाडीबीटीची शिष्यवृत्ती घेत असाल तर त्या योजनेचे अभ्यासक्रमबदलाचे आणि खंडाचे नियम प्रवेश रद्द करण्याआधी वाचा. राजर्षी शाहू शुल्क योजनेत दोन किंवा जास्त वर्षांचा खंड चालत नाही. बाकी योजनांचे नियम निरनिराळे आहेत, कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात आपला अर्ज क्रमांक सांगून विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

---

स्नेहल_बीएस्सी

बीएस्सी, बीए करणाऱ्यांसाठी: नवीन शैक्षणिक धोरणात पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडलं तर सर्टिफिकेट मिळतं, दोन वर्षांनी डिप्लोमा. त्यासाठी वर्षाचे ठरलेले किमान ४० क्रेडिट्स आणि वर ४ क्रेडिट्सचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. ही ४ क्रेडिट्स राहिली म्हणून सर्टिफिकेट अडलेली मुलं आहेत, उन्हाळ्यातच उरकून घ्यावीत. एबीसी खात्यावर (क्रेडिट्सच्या ऑनलाइन बँकेत) क्रेडिट्स चढली आहेत का, हे कॉलेज सोडण्यापूर्वी डिजिलॉकरमध्ये स्वतः बघा. नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर चढत नाहीत, आणि कॉलेज सोडल्यावर दुरुस्तीसाठी कोणी दाद देत नाही.

अजून एक वाट. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे, वेळा आपसात येत नसतील तर, किंवा एक नियमित आणि एक दूरस्थ. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस आहे, जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास आणि मग केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा. कंटाळलेल्या पण सोडायचं की नाही ते न ठरलेल्या मुलासाठी ही चांगली चाचणी आहे. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा एखादा १२ आठवड्यांचा कोर्स त्याहून हलका. नोंदणी फुकट, परीक्षेला १,००० रुपये. ज्याने मनापासून म्हटलं "मला भौतिकशास्त्र हवं", त्याने तो कोर्स बारा आठवडे असाइनमेंटसकट पूर्ण केला का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

---

निरंजना

स्नेहल, हा मुद्दा फार मोलाचा. नापसंतीपासून पळणं आणि आवडीकडे जाणं यातला फरक त्या बारा आठवड्यांत दिसतो.

घरासाठी दोन गोष्टी. नातेवाइकांना सांगायचं एक वाक्य घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा आणि सगळ्यांनी तेच सांगा: "त्याला गणितात जायचं आहे, त्याची परीक्षा मेमध्ये आहे." तेवढंच. आई एक सांगते, आजी दुसरं, बाबा गप्प, की लग्नकार्यात त्या मुलाला दहा जण गाठतात. आणि घरी बसून तयारी करणार असेल तर दिवसाला आकार द्या. उठायची ठरलेली वेळ, सहा तास अभ्यास (त्यापेक्षा जास्त टिकत नाही), रोज एकदा घराबाहेर, आठवड्यातून दोनदा समवयस्कांशी भेट. अभ्यासिका लावा, घरच्या खोलीत एकट्याने वर्ष काढू देऊ नका. प्रगती विचारायची ती आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. रोज जेवताना नाही.

बाबांना राग आला असेल तर तो त्यांनी मुलासमोर न काढता आधी दुसऱ्या मोठ्या माणसाशी बोलावा. फीचे पैसे कष्टाचे असतात, त्यांचं वाईट वाटणं खरं आहे. पण मुलाला रोज त्याची आठवण करून दिली की ते पुढच्या वेळी चुकीच्या जागी गप्प बसून राहील.

---

मुळाकाठ

बोलणं झालं. झोपायला तीन वाजतात म्हणाला. परीक्षा देणार आहे, सिद्धतांची वही सुरू करतोय, खोली बदलायची गरज नाही म्हणाला. शेवटचा प्रश्न: मेमध्ये चेन्नई किंवा बंगळुरूला लागला तर इकडून काय काय न्यावं लागेल?

---

शिरीष_कुलसचिव_कार्यालय

कॉलेजचा दाखला, पहिल्या वर्षाच्या दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका, आणि विद्यापीठाचं मायग्रेशन (विद्यापीठ बदलण्यासाठीचं प्रमाणपत्र). मायग्रेशन कॉलेज देत नाही, विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो, आणि दुसऱ्या सत्राचा निकाल लागलेला नसेल तर अडून राहतं. नव्या संस्थेला सुरुवातीलाच लेखी विचारा की तात्पुरता प्रवेश देऊन मायग्रेशनला मुदत देता का. सहसा देतात, पण हमीपत्र मागतात. बारावीचं मूळ प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका कॉलेजने ठेवून घेतली असेल तर आत्ताच मागून घ्या, जूनची वाट बघू नका. दाखल्यावर सोडण्याचं कारण "स्वतःच्या विनंतीवरून" आणि वर्तन "चांगले" असं आलं आहे का, हे खिडकीवरून हलण्याआधी वाचा. नावाचं स्पेलिंग बारावीच्या गुणपत्रिकेशी जुळवून बघा. मायग्रेशनचा अर्ज भरताना शुल्काची पावती आणि पीआरएन लिहून ठेवा, नंतर फोनवर विचारायला तेच लागतं.